ऑइल चेंज: झटपटवाला, सर्व्हिस सेंटर की आपला नेहमीचा मेकॅनिक?

नुसतं ऑइल बदलायचंय, बाकी गाडी ठणठणीत आहे, मग त्यासाठी अपॉइंटमेंट घ्या, सकाळी गाडी सोडा, संध्याकाळी परत आणायला जा, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, असं वाटूनच माणूस झटपट ऑइल चेंजवाल्याकडे वळतो. आणि ते वाटणं चूक नाहीये. काम खरंच छोटं आहे, जुनं ऑइल काढा, फिल्टर बदला, नवीन भरा, बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना साधारण तीन ते पाच लिटर लागतं. खाली माणूस उभा राहील असा खड्डा असतो, गाडी उचलायची भानगडच नाही, म्हणून पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही मोकळे.

मग यांचं नाव एवढं खराब का? बऱ्याच जणांना वाटतं की बॅरलमधलं ऑइल भरतात म्हणून. अहो सर्व्हिस सेंटरवालेपण बॅरलमधूनच भरतात, त्यात काही वाईट नाही, फक्त बॅरलमधला ग्रेड तुमच्या गाडीचा पाहिजे. खरी बोंब होते ड्रेन प्लगपाशी, म्हणजे जुनं ऑइल काढायला खाली जो बोल्ट असतो तिथे. नवशिका मुलगा, मागे गाड्यांची रांग, घाईत प्लग तिरका बसवून पान्याने रेटला की ॲल्युमिनियमच्या ऑइल चेंबरचे आटे गेलेच. सैल राहिला तर निदान खाली थेंब दिसतात तरी, पण जास्त आवळला तर आज काहीच कळत नाही, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणीतरी खोलला की आटे प्लगसोबत बाहेर येतात आणि बिल फाटतं त्या बिचाऱ्याच्या नावावर.

दुसरी चूक म्हणजे जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहतं, ते न बघता नवीन फिल्टर त्यावर बसवतात, मग दोन रबरांमधून प्रेशरने ऑइल भसाभसा बाहेर. आणि सगळ्यात भारी चूक, इंजिनऐवजी गिअरबॉक्सचा प्लग उघडायचा! सीव्हीटी, म्हणजे एका प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाड्यांमध्ये हे झालेलं आहे. गिअरबॉक्स रिकामा, आणि इंजिनमध्ये जुन्यावर नवीन, म्हणजे जवळपास दुप्पट ऑइल.

सर्व्हिस सेंटरमध्ये असं होत नाही का? होतं की. तिथेही ऑइल चेंज बहुतेक वेळा सगळ्यात ज्युनिअर मुलाच्याच गळ्यात पडतं. फरक एवढाच की तो रोज त्याच कंपनीच्या गाड्या बघतो, कुठला प्लग कशाचा हे हाताला पाठ झालेलं असतं, आणि झटपटवाल्याकडे आज ही तर उद्या ती. सर्व्हिस सेंटरला पैसे जास्त जातात आणि वेळही, पण रेकॉर्ड राहतं.

पैशांवरून आठवलं. झटपटवाल्याचा ऑइलचा रेट कमी दिसतो कारण कमाई पुढे असते, एअर फिल्टर, एसी फिल्टर, इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं). मला एकदा एअर फिल्टर 'एकदम जाम झालाय साहेब' म्हणून दाखवला होता, जो मी स्वतः तीन आठवड्यांपूर्वी बदलला होता. हसू आलं आणि रागही. तेव्हापासून एकच वाक्य ठेवलंय, फक्त ऑइल आणि फिल्टर, बाकी काही नको. स्टिकरचंही तेच, ५००० किमीला परत या म्हणून लावतात, पण आताच्या बऱ्याच गाड्यांना सिंथेटिक ऑइलवर मॅन्युअल १० ते १५ हजार देतं. मॅन्युअलचं ऐका.

नेहमीचा मेकॅनिक चांगला मिळाला असेल तर प्रश्नच मिटला, ऑइल काढता काढता तो ॲक्सलचा फाटलेला रबरी बूट, पाझरणारं सील, ढिला बेल्ट पण बघतो, जे बाकी दोघं फुकटात क्वचितच बघतात. फक्त सगळ्या गाड्यांना एकच ऑइल ओतणारा नको. घरी स्वतः करणं सगळ्यात स्वस्त, पण जळकं ऑइल टाकायचं कुठे हे आधी ठरवा, गटारात नाही.

माझं मत विचाराल तर साधी पेट्रोल गाडी, वॉरंटी संपलेली, तर झटपटवाल्याकडे खुशाल जा. डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली) डिझेल असेल किंवा इंजिनाचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच चालणारा असेल तर नका जाऊ, तिथे नुसता ५डब्ल्यू-३० असा ग्रेड जुळून भागत नाही, कंपनीचा स्पेसिफिकेशन नंबरच जुळावा लागतो, नाहीतर डीपीएफ चोक होतो नाहीतर बेल्टचं रबर सुटून ऑइलची जाळी बुजते. वॉरंटीतल्या गाडीचं बाहेर केलंच तर बिलावर ऑइलचा ग्रेड, फिल्टरचा पार्ट नंबर आणि किलोमीटर लिहून घ्या.

आणि निघायच्या आधी इंजिन दोन मिनिटं चालू ठेवा, बंद करून पाचेक मिनिटं थांबा, डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) स्वतः बघा, वाकून खालीही एक नजर टाका. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उभी होती तिथे डाग दिसला तर चालवत नेऊ नका, त्यांनाच बोलवा.