घरचा नेब्युलायझर: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरल्यावर

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका आक्रसून दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार. तरुणपणी गिरणीत कार्डिंग खात्यातली कापसाची धूळ, जोडीला विडी, आणि आता लालबागला आमच्या खिडकीसमोरच टॉवरचं बांधकाम. डॉक्टरांनी घरी नेब्युलायझर, म्हणजे पातळ औषधाचं धुकं करून श्वासावाटे देणारं मशीन, ठेवायला सांगितलं, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर पिस्टन कॉम्प्रेसरचा साधा टेबलटॉप घेतला. दोन हजारांच्या आत आला. थंडी संपेपर्यंत चांगला वापरून झालाय, तेव्हा आता लिहिते.

मशीनबद्दल खरं तर फार सांगण्यासारखं नाही. हवा दाबून नळीतून सोडायची, एवढंच त्याचं काम. आवाज मात्र मिक्सरच्या धाकट्या भावासारखा. चाळीत रात्री दोनला लावलं की सकाळी नळावर शेजारच्या काकू विचारणारच, "काल आबांना जास्त झालं का गं?" खाली जुनी चादर चौघडी करून ठेवली की थरथर जरा कमी होते. आमच्या मॅन्युअलमध्ये 20 मिनिटं चालवून 40 मिनिटं बंद ठेवा असं लिहिलंय. औषध आठ-दहा मिनिटांत संपतं, त्यामुळे तिथे अडचण आली नाही.

पैसे वसूल होतात की नाही हे ठरतं औषधाच्या वाटीवर. औषधाचे कण साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे झाले तरच ते फुप्फुसात खोलवर जातात, मोठे कण घशातच बसतात. ते बारीक करायचं काम त्या प्लास्टिकच्या वाटीचं. ती झिजते, तिचं भोक बुजत जातं, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. दिवाळीनंतर आबांचं एक औषध संपायला वीस-वीस मिनिटं लागायला लागली. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी फोनवरच निदान केलं, मोटर गेली, नवीन बसवावी लागेल. मी मशीन पिशवीत घालून प्रिन्सेस स्ट्रीटला घेऊन गेले. तिथल्या सर्जिकलच्या दुकानदाराने नळीच्या टोकाला अंगठा लावून दाब पाहिला, म्हणाला, "वहिनी, मोटर ठणठणीत आहे, किट बदला." किट म्हणजे ही वाटी आणि तिच्याबरोबरचे सुटे भाग. नवी वाटी लावली आणि औषध पुन्हा आठ मिनिटांत संपलं. घेताना एक जादा किट घेऊनच ठेवा. वाटीच्या आत एक सुटा शंकू असतो, तो धुताना बेसिनमध्ये वाहून गेला तर मशीन नुसतं घरघरतं, धुकं काही येत नाही.

मास्क की तोंडात धरायची नळी? लहान मुलांना आणि फार थकलेल्या माणसाला मास्क बरा. पण आबांना काचबिंदू आहे, आणि त्यांच्या औषधात लेव्होसालब्युटामॉलबरोबर इप्राट्रोपियम असतं, दोन्ही श्वासनलिका मोकळ्या करणारी. मास्क नाकापाशी सैल बसला की ते डोळ्यांत जातं आणि डोळ्यांतला दाब वाढू शकतो. डॉक्टरांनी म्हणून माउथपीसच वापरायला लावलं. बुडेसोनाइड, म्हणजे सूज कमी करणारं स्टेरॉइड, दिल्यावर खळखळून चूळ भरायचीच, नाहीतर तोंडात बुरशी धरते. मास्क वापरत असाल तर चेहराही धुवा. औषध चालू असताना हात थोडे थरथरतात, छाती धडधडते. "माझे हात बघ, कसे नाचतायत," असं आबा म्हणतात, पण तासाभरात ते शमतं.

मुंबईचा पावसाळा हा या वस्तूचा खरा शत्रू. वाटी प्रत्येक वेळी धुऊन, झटकून स्वच्छ फडक्यावर पसरावी लागते, आणि जुलैत ती तासन्‌तास वाळत नाही. मशीनपासून वाटीपर्यंतची हवेची नळी मात्र धुवायची नाही. आत पाण्याचे मणी दिसले तर वाटी काढून नुसती नळी लावायची आणि मशीन दोन मिनिटं चालवायचं. पांढरा फिल्टर आमच्याकडे बघता बघता राखाडी होतो, तो स्वस्त आहे पण कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाही. केईएम हॉस्पिटलच्या आसपासच्या दुकानांत मिळाला.

आता माझं स्पष्ट मत. रोजच्या औषधासाठी हे मशीन घेऊ नका. पंपाला (इनहेलरला) स्पेसर, म्हणजे फवारा आधी साठवून घेणारी पोकळ नळी, लावून नीट घेतलं तर बहुतेकांना तेवढाच फायदा होतो, वेळ वाचतो, धुणंही कमी. आबांचंही रोजचं औषध आता पंपावरच आहे, मशीन काढतो ते दम वाढला की. गणपतीला कणकवलीला गेलो तेव्हा वीज गेलेल्या दोन रात्री पंप-स्पेसरवरच निभावल्या. बॅटरीवरचा मेश प्रकार, म्हणजे थरथरत्या बारीक जाळीतून औषधाचं धुकं करणारा, चुलतदिराकडे आहे. आवाज नाही, खिशात मावतो, पण किंमत दुपटीच्या वर, आणि बुडेसोनाइडने त्याची जाळी चोंदते म्हणून तो वैतागलाय. ध्वनिलहरींनी धुकं करणारा अल्ट्रासॉनिक प्रकार तर बुडेसोनाइडला चालतच नाही, दुकानदार सांगो न सांगो.

घरी मशीन आहे म्हणून घरीच बसायचं, हे मात्र आमच्याकडे चालत नाही. औषध देऊनही एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा परत परत लावावं लागत असेल, तर आम्ही सरळ टॅक्सी बोलावतो. किती वेळा आणि कोणतं औषध, हे डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद मशीनच्या झाकणाला आतून चिकटवलाय.