हिगिन्स अँड गेज कॅटलॉगचा भारत विभाग : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी एक गैरसमज दूर करू. जुनी पोस्टकार्डं हाती आली की बहुतेक जण स्टॅनली गिबन्स हा तिकिटांचा कॅटलॉग उघडतात आणि हात हलवत परततात. त्यात सुटी तिकिटं आहेत. ज्या कार्डावर किंवा पाकिटावर तिकीट छापूनच येतं, त्या पोस्टल स्टेशनरीसाठी अमेरिकेतल्या पॅसाडेनाहून निघालेला हिगिन्स अँड गेज लागतो. तो देशवार सुटा असल्यामुळे भारताची पानं मिळाली तरी भागतं.

क्रमांकांची पद्धत दोन दिवसांत अंगवळणी पडते. पोस्टकार्डाला नुसता आकडा, पाकिटाला 'बी', रजिस्टर्ड पाकिटाला 'सी'. शोधताना आधी प्रकार, मग छापील तिकिटावरचा चेहरा आणि किंमत, मग मथळा, शेवटी माप. १८७९च्या पहिल्या पाव आण्याच्या कार्डावर 'ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड' असा मथळा आहे. पुढे कालांतराने त्यातलं 'ईस्ट' गेलं. 'न. पै.' (नये पैसे) दिसलं तर कार्ड १९५७ ते १९६४मधलं.

घोळ होतो तो मापात. स्टीलच्या पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा आणि चारही कडा तपासा. आपल्याकडे निधनाच्या पत्राचा कोपरा फाडायची रीत होती, आणि अडत्यांच्या दुकानातली कार्डं तारेला टोचलेली असतात. अशा कार्डाची एक कड पुढे कुणीतरी कात्रीने सरळ केलेली असते. मग माप जुळत नाही आणि नवा प्रकार सापडल्याचा आनंद होतो! पानांची झेरॉक्स काढली असेल तर त्यातल्या चित्रावर पट्टी ठेवू नका, लिहिलेलं माप धरा.

रंगाच्या छटांवर फार भिस्त ठेवू नये. चित्रं काळी-पांढरी, आणि पत्र्याच्या छपराखाली वऱ्हाडातले चाळीस उन्हाळे काढलेला कागद मुळात कोणत्या रंगाचा होता हे सांगणं कठीण. सकाळच्या उजेडात, ओळखलेल्या दुसऱ्या कार्डाशेजारी ठेवून बघा. बल्बखाली तपकिरी आणि लाल-तपकिरी सारखेच दिसतात.

वर जादा तिकीट चिकटवलं असेल तर तोही वेगळा प्रकार नव्हे. १९२२ साली पाव आण्याचं कार्ड अर्ध्या आण्याला झालं. जुन्या कार्डावर लोकांनी फरकाचं तिकीट लावलं, इतकंच. मागच्या बाजूला जिनिंग फॅक्टरीचं किंवा खामगावच्या अडत्याचं छापील नाव असतं, तेही या कॅटलॉगात नाही. शिक्का आणि मजकूर हा टपाल-इतिहासाचा विषय. वेगळ्या वहीत नोंदवा.

वऱ्हाड नावाला निजामाचा, म्हणून इथली जुनी कार्डं हैदराबादच्या पानांत शोधणारेही भेटतात. १८५३पासून कारभार इंग्रजांकडे होता. अमरावती-अकोल्याचं कार्ड ब्रिटिश भारताच्या पानांतच सापडेल. निजामाचं कार्ड दिसलं तर ते बहुधा नांदेडकडून आलेलं.

किमतीचा रकाना मात्र झाकूनच ठेवा. ते जुने डॉलर आजच्या बाजाराशी कशातच जुळत नाहीत. १९२०च्या दशकातला पोस्टल स्टेशनरीचा जर्मन आशर कॅटलॉग जोडीला असला तर व्हिक्टोरिया राणी, एडवर्ड आणि पंचम जॉर्जच्या कार्डांची फेरतपासणी होते; भाषा अडते, पण आकडे आणि चित्रं पुरतात.

खरी पोकळी नव्या काळाची. २००२मध्ये आलेली, पत्त्याच्या बाजूला जाहिरात असलेली मेघदूत कार्डं यात नाहीतच. ती जमवणाऱ्याने स्वतःची यादी ठेवावी : भाषा, जाहिरातीचा विषय, शाईचा रंग, आणि मजकुराची पहिली ओळ जशीच्या तशी. जाहिरात तीच पण भाषा वेगळी असेल तर ओळ स्वतंत्र टाकावी. नंतर वेगळं करत बसणं जिकिरीचं जातं.