बिलावर खड्याचं नाव बघून घ्या

आठ महिने आईच्या तर्जनीत सोन्यात बसवलेला पिवळा खडा होता. सव्वापाच कॅरेट, पुखराज म्हणून 42,000 रुपयांना सांगलीतल्या एका दुकानातून घेतलेला. दुकानदारानं पत्रिका बघितली, गुरु दुबळा आहे म्हणाला. खडा अंगाला लागला की साखर आपोआप उतरते, असं त्यानं आईला छातीठोक सांगितलं. मी शेजारीच बसलो होतो आणि काही बोललो नाही, याचं आजही वाईट वाटतं.

दिवाळीला विट्याहून मामा आला. विट्याकडच्या कितीतरी लोकांसारखा तोही गलाईवाला, आयुष्य सोनं गाळण्यात गेलेलं. त्यानं आईचा हात उजेडात धरला. पैलूंच्या कडा भांडी घासून बोथट झाल्या होत्या. "ताई, पुखराज असा झिजत नसतो."

पुखराज म्हणजे कोरंडम नावाचं खनिज, माणकाचा सख्खा भाऊ. मोह्जच्या मापावर कठीणपणा 9. त्याच्यासारखाच दिसणारा 'सुनेला' हा खडा म्हणजे पिवळा क्वार्ट्झ, कठीणपणा 7. धुळीतली वाळूसुद्धा क्वार्ट्झच, म्हणून सुनेला रोजच्या वापरात मंद होत जातो. बाजारातला बराचसा सुनेला तर जांभळा अ‍ॅमेथिस्ट तापवून पिवळा केलेला असतो.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सोनाराकडे खडा अंगठीतून काढून तोलला. हवेत 1.05 ग्रॅम. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला तर 0.65. पुखराज पाण्याच्या चौपट जड, तो 0.79 भरला असता. सुनेला 2.65 पट, आकडा बरोबर त्याचाच आला.

दुकानदारानं नाकारलंही नाही. "सुनेला पुखराजाचं उपरत्नच आहे, गुण तेच." गुण तेच, मग 42,000 कशाचे घेतले? आणि कसले गुण? अंगठी घातल्यापासून आईनं डायबेटिसच्या गोळ्या निम्म्यावर आणल्या होत्या, आम्हाला न सांगता. पायाच्या बोटाची जखम भरेना म्हणून तपासलं तर उपाशीपोटी साखर 286. खरा पुखराज असता तरी एवढीच निघाली असती.

बिलावर लिहिलंय 'पिवळे रत्न, नग 1'. लॅमिनेट केलेल्या कार्डावर 'नॅचरल यलो स्टोन'. पुखराज हा शब्द कुठंच नाही. खडा घ्यायचाच असेल तर बिलावर 'नैसर्गिक पुखराज', वजन आणि तापवलेला आहे की नाही हे लिहून घ्या. पैसे देण्याआधी तुम्ही निवडलेल्या लॅबमध्ये तपासून घ्या. रिपोर्टवर कोरंडम आणि वक्रीभवनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) 1.76 ते 1.77 हवा, 1.54 ते 1.55 असेल तर तो सुनेला. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही गोळी कमी करू नका.

फसला असाल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. आम्ही केली आहे. दुकानदार आता खडा बदलून देतो म्हणतोय, पण आम्ही तो हातचा सोडलेला नाही. कागदाच्या पुडीत, बिलासोबत कपाटात ठेवलाय.