निळा ॲक्सोलॉटल, तपकिरी मूशरूम की तपकिरी पांडा? माइनक्राफ्टमध्ये कोणाच्या मागे लागायचं

भाचीने विचारलं होतं, ते जसंच्या तसं देतो: "मामा, मला रोज एकच तास मिळतो. निळा ॲक्सोलॉटल काढू, तपकिरी मूशरूम आणू, की तपकिरी पांडा?" तास एकच, कारण घरात कॉम्प्युटर एक आणि पोरं दोन.

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी माइनक्राफ्ट हा गेम काही वर्षांपासून मुक्कामाला आहे, आणि त्यातल्या या तिन्ही प्राण्यांच्या वाटेला मी स्वतः जाऊन आलोय. उत्तर आधीच सांगून टाकतो. रोज तासभर असेल तर मूशरूम, म्हणजे पाठीवर मशरूम उगवलेली गाय. वही-पेन्सिल घेऊन बसायला आवडत असेल तर पांडा. निळ्या ॲक्सोलॉटलच्या, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या त्या सॅलमँडरच्या, नादी एकट्याने लागू नये. पुढचे आकडे गेमच्या कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीचे आहेत. मोबाईल-टॅबवर बेडरॉक खेळणाऱ्यांना थोडा फरक दिसेल.

गुलाबी मेंढी मी या यादीत घेतलीच नाही. निसर्गात ती 0.164 टक्के जन्मते, म्हणजे 610 मेंढ्यांत जेमतेम एक. ऐकायला भारी. पण गुलाबी ट्यूलिप तोडून रंग कर आणि पांढऱ्या मेंढीला लाव, तीही गुलाबी, तिची लोकर गुलाबी, दोन गुलाबींचं कोकरूही गुलाबी. रानात सापडलेली कोणती आणि रंगवलेली कोणती, हे गेमलाही सांगता येत नाही. भाच्याने अशीच एक रंगवून वर्गातल्या पोरांना दाखवली आणि आठवडाभर भाव खाल्ला.

उरलेल्या तिघांत "कोण जास्त दुर्मिळ" हे बघून निवडू नकोस. आज घातलेला तास उद्या उपयोगी पडतो का, ते बघ.

ॲक्सोलॉटल इथेच मार खातो. जून 2021 मध्ये तो गेममध्ये आला, आता लश केव्ह्ज नावाच्या हिरव्यागार गुहांमध्ये चिकणमातीजवळच्या पाण्यात सापडतो. रंग पाच, त्यातले चार आपसूक मिळतात. निळा रानात सापडत नाही, ब्रीडिंगमधूनच, म्हणजे जोडी लावूनच निघतो, आणि तोही 1200 पिल्लांत एक या हिशेबाने. बरं, 1200 झाली की मिळालाच, असंही नाही. 832 पिल्लांपर्यंत तो मिळण्याची शक्यता निम्मी. पूर्ण 1200 काढूनसुद्धा शंभरातल्या साधारण 37 जणांचे हात रिकामेच राहतात. आणि 800 पिल्लं झाली म्हणून 801वं निळं निघण्याची शक्यता तसूभरही वाढलेली नसते. दर वेळी नवी सोडत.

त्यात खरा जाच माशांचा आहे. एका पिल्लाला आई-बाप दोघांनाही ट्रॉपिकल फिश लागतो, आणि साधा मासा चालत नाही, बादलीतला जिवंतच हवा. म्हणजे 1200 पिल्लांना 2400 मासे, प्रत्येक मासा बादली मारून पकडलेला. रिकाम्या बादल्या सामानाच्या एका खणात 16 बसतात. भरलेली एकावर एक चढत नाही. अंगावरचे 36 खण ठासून भरले तरी एका खेपेत 18 पिल्लं. 1200 पिल्लांना 67 खेपा. मी हा हिशेब आधी केला नव्हता. सहा जोड्या लावून बसलो, दर पाच मिनिटांनी सहा पिल्लं. वाटलं, तासाला 72 म्हणजे सोळा-सतरा दिवसांत आटोपेल. प्रत्यक्षात तासातली चाळीस मिनिटं मासे धरण्यात जायची. चारशेच्या आसपास पिल्लं झाल्यावर मी हात टेकले. तळं गुलाबी-सोनेरी पिल्लांनी खदखदत होतं आणि कॉम्प्युटर दम टाकत होता.

एवढं करून निळा हाती आलाच तर तो करतो काय? बाकीचे करतात तेच. पाण्यातल्या शत्रूंवर, ड्राउन्डवर, गार्डियनवर तुटून पडतो, मार लागला की मेल्याचं सोंग घेतो. रंगाने त्याच्या ताकदीत काही फरक पडत नाही. एक मात्र खरं, पहिला निळा मिळाल्यावर त्याच्या पिल्लांत जवळपास निम्मी निळीच निघतात, तेव्हा पुढचा संसार सोपा. चार मित्रांचा सर्व्हर असेल, दोघं मासे धरणार आणि दोघं ब्रीड करणार असतील, तर जरूर करा. गप्पा मारत मारत होऊन जाईल. आणि हो, रानातला ॲक्सोलॉटल आपण लांब गेलो की गायब होऊ शकतो. एकदा बादलीत घेऊन सोडला की मग राहतो.

पांडाचं सगळंच वेगळं, आणि मला विचारशील तर तिघांत सगळ्यात गमतीचं काम हेच. त्यासाठी आपल्या मध्य प्रदेशातलीच एक गोष्ट सांगतो. नवलख्याच्या प्राणिसंग्रहालयात पांढरा वाघ बघितलास ना? 1951 साली रीवाचे महाराज मार्तंड सिंह यांनी एक पांढरा बछडा पकडला, नाव ठेवलं मोहन, आणि गोविंदगढच्या महालात वाढवला. मोठा झाल्यावर बेगम नावाच्या साध्या वाघिणीशी त्याची जोडी लावली. बछडे झाले, पण एकूण एक पिवळे. पांढरेपणा गेला कुठे? कुठेच गेला नव्हता, लपला होता. बेगमची मुलगी राधा, दिसायला पिवळी. तिची जोडी मोहनशीच लावली आणि 1958 मध्ये चार बछडे झाले, चारही पांढरे. गणिताने निम्मे व्हायला हवे होते, चारही होणं म्हणजे सोळात एक. महाराजांचं नशीब जोरावर होतं.

माइनक्राफ्टच्या पांडाचं गणित हेच. प्रत्येक पांडात दोन जनुकं, एक मुख्य आणि एक लपलेलं. तपकिरी रंग दिसायला दोन्ही तपकिरी लागतात. रानात एक जनुक तपकिरी असण्याची शक्यता आठात एक, म्हणून दोन्ही तपकिरी असलेला पांडा 64 मध्ये एक. हा आकडा बघून लोक जंगलभर भटकत सुटतात. भटकायची गरज नाही. तोच हिशेब उलटा मांड: निदान एक तपकिरी जनुक अंगात असलेले पांडा 64 मध्ये 15, म्हणजे जवळपास चारात एक! समोर बांबू खात बसलेल्या दहा काळ्या-पांढऱ्या पांडांत किमान दोघांकडे ते असण्याची शक्यता शंभरात सत्तरच्या आसपास. फक्त ते बघून कळत नाही.

मग कळायचं कसं? जोड्या लावून. बांबूच्या जंगलातून आठ-दहा पांडा आणायचे, प्रत्येक जोडीला वेगळं कुंपण, बाहेर पाटी: १-२, ३-४. आसपास बांबू उभा पाहिजे, नाहीतर पांडा पिल्लाचं नाव काढत नाही. जोडीतल्या दोघांकडे एकेक तपकिरी जनुक असेल तर चारात एक पिल्लू तपकिरी. आठ पिल्लांत एकही नाही निघालं तर जोडी बदल. शंभरात दहाएक वेळा ही घाई चुकेल, पण तेवढं चालतं. वही इथे लागते. कोण कोणाचं पिल्लू हे डोक्यात ठेवायला जाशील तर दुसऱ्या दिवशी सगळे सारखेच दिसतील.

जंगलातच एखादा तपकिरी भेटला तर मोहनचा रस्ता धर: त्याला साध्या मादीशी, नव्हे, माइनक्राफ्टात नर-मादी नसतातच, साध्या पांडाशी लाव. पहिली पिढी काळी-पांढरी आली तरी निराश होऊ नकोस. त्यातलं एक वाढव, वाढायला वीस मिनिटं, आणि पुन्हा त्याच तपकिरीशी लाव. आता निम्मी तपकिरी. खऱ्या वाघांत अशा जवळच्या नात्यातल्या जोड्यांचे दुष्परिणाम झाले, तिरळे डोळे आणि बरंच काही. गेममध्ये तो हिशेब ठेवलेला नाही. प्रत्येक जनुक 32 मध्ये एकदा आपलं आपण बदलतं, तेवढीच खोड.

म्हणजे पांडात एकही तास वाया जात नाही. तपकिरी पिल्लू आलं नाही तरी "३-४ पैकी निदान एकाकडे बहुतेक नाही" एवढं वहीत चढतं. तोटा एकच, सुरुवातीला दाखवण्यासारखं काही नसतं. पहिले चार-पाच दिवस भाऊ येऊन "नुसतेच पांडा?" म्हणणार. खरा तपकिरी पांडासुद्धा आहे बरं का, चीनच्या छिनलिंग डोंगरांत.

आणि मूशरूम. लाल मूशरूम मिळते फक्त मशरूम बेटांवर, आणि ती बेटं समुद्रात लांब. नाव घेऊन निघायचं, दोन-तीन दिवसांचे तास त्यात जातील. पण तिथे राक्षस स्वतःहून जन्मत नाहीत, त्यामुळे रात्रभर बिनधास्त फिरता येतं. तपकिरी मूशरूम तिथे चरताना दिसणार नाही. दोन लालांच्या पिल्लांत 1024 मध्ये एक तपकिरी, हा रस्ता सोड, ती ॲक्सोलॉटलचीच चुलत बहीण. दुसरा रस्ता विजेचा. लाल मूशरूमवर वीज पडली की ती तपकिरी होते. पुन्हा पडली की परत लाल, म्हणून काम झालं की लगेच छपराखाली.

वादळाची वाट बघत लाइटनिंग रॉड लावून ठेवता येतो; जावात तो 128 ब्लॉकच्या आतली वीज ओढून घेतो. दगडी कुंपणात मूशरूम आणि मधोमध रॉड. चॅनलिंगवाला ट्रायडंट, म्हणजे वीज पाडणारा त्रिशूळ, असेल तर वाट बघायचीही गरज नाही, वादळ असलं म्हणजे झालं. पण तो गाईवर फेकू नकोस. ट्रायडंटचा घाव 8, तिचा जीव 10. रॉडवर फेक, वीज तिथे पडेल आणि शेजारी उभ्या मूशरूमला लागेल. डुक्कर आणि गावकरी मात्र लांब ठेव. विजेने डुकराचा झॉम्बिफाइड पिगलिन होतो आणि गावकऱ्याची चेटकीण.

आमचं पहिलं वादळ जूनमध्ये आलं, गेममध्ये आणि बाहेरही. बाहेर कडाडलं, लाईट गेली, यूपीएस कधीचाच मेलेला. भाची रडायच्या बेतात. लाईट आल्यावर पुन्हा उघडलं तर गेममधलं वादळ तसंच चालू, आणि पाचव्या मिनिटाला तपकिरी गाय. तपकिरी मूशरूमला फूल खाऊ घालून वाडग्यात दूध काढलं की फुलाप्रमाणे गुणाचं सस्पिशियस स्ट्यू नावाचं सूप मिळतं. ऑक्सआय डेझी घातली तर जखमा भरतात. तिघांत पोटाला उपयोगी ही एकटीच.

ती गाय दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी भाच्याला वाटलं, मेंढीसारखी हिचीही लोकर निघेल, आणि त्याने कात्री लावली. पाच तपकिरी मशरूम पडले आणि समोर उभी राहिली साधी गाय. दोघांत असं काही जुंपलं की ताईने कॉम्प्युटरच बंद केला. चूक माझीही होती. पहिल्याच दिवशी गहू घालून लाल मूशरूमशी ब्रीड केली असती तर पिल्लांत निम्मी तपकिरी निघाली असती आणि एक गेली तरी कळप राहिला असता.

तर बाळा, उद्या समुद्रावर निघताना नाव, दोन दोऱ्या आणि एक गठ्ठा गहू घे. कात्री पेटीत टाक, आणि पेटी कुठे आहे ते भावाला सांगू नकोस.