लाइव्ह एडचा चार डीव्हीडींचा सेट: ग्रेट रॉकस्टार कोण यावर भांडायचं असेल तर आधी हा बघा

चार रॉकवाले एकत्र बसले की खरा ग्रेट रॉकस्टार कोण हा विषय निघतोच आणि मग काय होतं ते तुम्हालाही माहितीये, एकजण गिटार सोलोवर अडून बसतो, दुसरा किती अल्बम खपले ते सांगतो, तिसऱ्याचं म्हणणं जो सत्ताविसाव्या वर्षी गेला तोच खरा, मग हेंड्रिक्स, जॉप्लिन, मॉरिसन, कोबेन अशी नावं एका दमात म्हणून दाखवतो, आणि शेवटी कुणीतरी हॉटेलच्या खोल्या फोडणाऱ्या कीथ मूनवर, म्हणजे द हू बँडच्या ड्रमरवर येतो. मिटत काहीच नाही. कारण प्रत्येकजण आपल्या माणसाचा सगळ्यात भारी दिवस काढून दाखवतो, त्याचेच लाइट्स, त्याचाच साउंडवाला, समोर त्याचेच फॅन्स. अशा दिवशी कुणीही ग्रेट वाटतो हो, त्यात काय.

म्हणून मला २००४ साली आलेला लाइव्ह एडचा हा सेट एवढा आवडतो. चार डिस्क, साधारण दहा तासांचा माल. १३ जुलै १९८५ ला इथिओपियातल्या दुष्काळासाठी लंडनच्या वेम्बली आणि फिलाडेल्फियाच्या जेएफके स्टेडियमवर एकाच दिवशी जे कॉन्सर्ट झाले त्याचं रेकॉर्डिंग. इथं सगळ्यांना एकच पेपर होता. वाट्याला वीसेक मिनिटं, धड साउंडचेक नाही, वेम्बलीचं स्टेज गोल फिरणारं म्हणजे एक बँड पुढे वाजवतोय तर मागे दुसऱ्याची मांडामांड चाललीये, वेळ संपत आली की स्टेजवर ट्रॅफिकसारखे दिवे लागणार, आणि बऱ्याच जणांच्या वाट्याला भर उजेड, म्हणजे लाइट शो वगैरेचा आधारच नाही. समोर ७२ हजार लोक, पण ते सगळ्यांसाठी आलेले, तुमच्या एकट्यासाठी नाही. आता दाखवा काय ते.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे भांडायला सोपं जाईल. जो आपल्यासाठी न आलेल्या लोकांना आपलं करतो तो रॉकस्टार. आवाज, बोटं, कपडे, केस, खप हे सगळं त्याच्या नंतर.

क्वीन या ब्रिटिश बँडबद्दल बोलणं म्हणजे सगळ्यांनी बोलून झालेलं पुन्हा बोलणं, पण टाळता येत नाही. लोक विसरतात ते हे की १९८५ मध्ये क्वीन काही फेव्हरिट वगैरे नव्हते. आदल्या वर्षी वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला जाऊन वाजवल्याबद्दल भरपूर शिव्या खाल्ल्या होत्या आणि अमेरिकेत त्यांचा जोर ओसरला होता. पण त्यांनी एक गोष्ट केली जी बाकीच्या बऱ्याच जणांनी केली नाही, एक थिएटर घेऊन त्या एकवीस मिनिटांची रिहर्सल केली, गाणी छाटली, बोहेमियन ऱ्हॅप्सडी या गाण्याचा ऑपेरा भाग सरळ काढून टाकला कारण तो स्टेजवर करता येत नाही आणि वेळही खातो. म्हणजे "रॉकस्टार म्हणजे बेफिकीर माणूस" ही जी समजूत आहे ना तिची इथंच वाट लागते. एवढी फिकीर त्या दिवशी फार थोड्यांनी केली असेल.

आणि मग क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी. पांढरा बनियन, फिकी जीन्स, दंडावर तो खिळ्यांचा पट्टा, हातात अर्धाच माइक स्टँड. डिस्क बघताना एकदा गाणं ऐकायचं सोडून फक्त त्याची नजर बघा. पुढच्या रांगेकडे तो फारसा बघतच नाही, सगळा वेळ लांब, त्या टोकाच्या लोकांकडे. रेडिओ गा गा या गाण्याला सगळं स्टेडियम डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवतं तो शॉट तर सगळ्यांनी पाहिलेलाच असतो, मला त्याहून भारी वाटतो तो नुसता "ए... ओ" चा खेळ. म्युझिक नाही, शब्द नाहीत, माणूस एकटा उभा राहून एक सूर फेकतो आणि ७२ हजार लोक तो परत फेकतात, मग तो अजून अवघड फेकतो, तोही परत येतो. हॅमर टू फॉल या गाण्यात तर स्टेजवरच्या कॅमेरामनशीच मस्ती करत बसतो, म्हणजे स्टेडियम झालं, आता टीव्हीवाले राहिले, त्यांनाही घ्या. त्याला कुठंतरी पक्कं कळलेलं होतं की आज दोन वेगळे प्रेक्षक आहेत आणि दोघांना वेगळं हाताळायचंय. हे गळ्याचं काम नाही, डोक्याचं आहे.

आता खरी मजा पुढे आहे. क्वीननंतर वेम्बलीच्या स्टेजवर कोण आलं? गायक डेव्हिड बोवी! जरा विचार करा, ते एवढं सगळं होऊन गेलंय, लोक अजून हवेतच आहेत आणि तुम्हाला आता जाऊन गायचंय. दुसरा कुणी असता तर फ्रेडीपेक्षा जास्त उड्या मारायला गेला असता आणि तोंडावर पडला असता. बोवी फिक्या रंगाच्या सुटात आला, हसत, आरामात, स्पर्धेत उतरलाच नाही. हीरोज गायला तेव्हा तर असं वाटतं की हा माणूस इथं काही सिद्ध करायला आलेलाच नाही. आणि अजून एक, दुष्काळाची एक छोटी फिल्म लोकांना दाखवली जावी म्हणून त्याने आपलं एक ठरलेलं गाणं कापलं. ज्या दिवशी जो तो आपली वीस मिनिटं पुरवून पुरवून वापरत होता त्या दिवशी हा आपल्यातली देऊन टाकतो. माझ्या यादीत पहिला फ्रेडीच, पण भांडण रंगवायचं असेल तर बोवीला पुढे करा, समोरच्याला उत्तर देताना नाकी नऊ येतात.

यू२ या आयरिश बँडवर मात्र माझं कुणाशीच जमत नाही. त्यांची तीन गाणी ठरलेली होती, दुसरं बॅड, ते लांबत लांबत बारा मिनिटांच्या आसपास गेलं कारण त्यांचा गायक बोनो गाता गाता स्टेजवरून खाली उतरला आणि गर्दीतल्या एका मुलीबरोबर नाचला, आणि प्राइड हे त्यांचं तेव्हाचं मोठं हिट गाणं राहूनच गेलं. बाकीचे तिघे भडकले, आपण संधी घालवली असंच त्यांना वाटलं होतं. झालं उलटंच, त्या बारा मिनिटांनी त्यांना स्टेडियमचा बँड केलं. आता सगळे म्हणतात बोनो काय, बोनो काय. अरे पण जरा मागे बघा की! गायक गायब आहे, कुठं गेलाय दिसत नाही, परत कधी येणार माहीत नाही, आणि एज, क्लेटन, मलन तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, ताल सुटत नाही, गाणं पडत नाही. त्यांनी हात टेकले असते तर आज आपण बोनोचं कौतुक नाही, टिंगल करत असतो. रॉकस्टार एकटा नसतो हे दाखवायला याहून चांगली क्लिप माझ्याकडे तरी नाही.

बाकीच्यांचं पटकन. एल्विस कॉस्टेलो एकटा, एक गिटार घेऊन येतो, बीटल्सचं गाणं "उत्तर इंग्लंडचं जुनं लोकगीत" म्हणून सुरू करतो आणि अख्खं स्टेडियम गायला लागतं, म्हणजे मोठा शो लागतोच असं काही नाही. गेल्डॉफ, ज्याने हा सगळा घाट घातला, तो आपल्या गाण्यात मरणाच्या ओळीवर अचानक थांबतो, मूठ वर, आणि तसाच उभा राहतो. तो काही पहिल्या फळीतला गायक नव्हता, पण तेवढे काही सेकंद तिथं त्याच्यापेक्षा मोठं कुणी नव्हतं. फिल कॉलिन्स वेम्बलीला वाजवून कॉन्कॉर्ड या सुपरसॉनिक विमानाने अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियालाही वाजवतो, मेहनतीला सलाम, पण खरं सांगू, त्यातला विमानप्रवासच जास्त लक्षात राहतो. जॅगर आणि टीना टर्नर, तो तिचा स्कर्ट ओढून काढतो तो प्रकार, लोकांना फार भारी वाटतो, मला तिथंही टीनाच भारी वाटते कारण ती एक क्षण गडबडत नाही.

सेट म्हणून तक्रारी आहेत आणि त्या मोठ्या आहेत. बऱ्याच जणांचा स्टेजवरचा पूर्ण कार्यक्रम यात नाही, कुणाची दोन गाणी, कुणाचं एकच, त्यामुळे वीस मिनिटांत माणूस गर्दी कशी चढवत नेतो हेच नेमकं दिसत नाही. लेड झेपेलिन तर नाहीतच. त्या दिवशी ते फिलाडेल्फियाला एकत्र आले होते, प्लँटचा आवाज बसलेला, पेजची गिटार सुरात नाही, ड्रमवर कॉलिन्स आणि टोनी थॉम्पसन, सगळंच फसलं आणि त्यांनी नंतर ते डीव्हीडीत टाकू दिलं नाही. कळतं मला, पण माझ्यासारख्याला तेच बघायचं असतं ना! झेपेलिन ग्रेट नाहीत असं कोण म्हणेल, मग ग्रेट माणसाचा वाईट दिवस कसा असतो हेही या भांडणात मोजायला नको का?

आणि सगळ्यात जास्त डोक्यात जातं ते बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीचं. वेम्बलीच्या शेवटी तो पियानोवर लेट इट बी गायला बसला आणि पहिली दोनेक मिनिटं माइकच बंद. तो गात राहिला, लोकांना ऐकू येईना तर लोकच गायला लागले. यार, याहून मोठी परीक्षा काय असते? बीटलला स्वतःचा आवाज नाही आणि गाणं तरी चालू राहतं. आणि डीव्हीडीवाल्यांनी काय केलं, त्याने दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केलेला आवाज तिथं बसवला. सगळं गुळगुळीत. नवीन माणसाने हा सेट पाहिला तर तिथं काही बिघडलं होतं हे त्याला कळणारसुद्धा नाही.

अजून एक, या सेटवरून सगळा निकाल लावू नका. स्प्रिंगस्टीन त्या दिवशी आलाच नव्हता, प्रिन्सने नुसता व्हिडिओ पाठवला होता. प्रिन्सचं माप काढायचं तर २००७ च्या सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलचा, हाफटाइम शो बघा, मायामीत धो धो पाऊस, निसरडं स्टेज, आणि त्याने पावसालाच शोचा भाग करून टाकलं. आणि रॉकस्टार म्हणजे पुरुषच असं ज्यांना वाटतं त्यांनी सिस्टर रोझेटा थार्प या अमेरिकन गॉस्पेल गायिकेचं १९६४ चं मँचेस्टरचं रेकॉर्डिंग काढा, बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, या फलाटावर ती, समोरच्या फलाटावर लोक, पाऊस पडून गेलेला, आणि ही अंगात कोट घालून येते, इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवते आणि पावसाचंच गाणं सुरू करते. फ्रेडी तेव्हा शाळकरी मुलगा होता.

घ्यायचा का? पिक्चर जुन्या टीव्हीचं आहे, चौकोनी, मोठ्या स्क्रीनवर फार अपेक्षा ठेवू नका, आवाज मात्र छान मिक्स केलाय, हेडफोन लावून बघा, बॅडमध्ये मागचा बास नीट ऐकू येतो. दुष्काळाची बातमी ज्याच्यामुळे जगाला कळली तो १९८४ चा बीबीसीचा रिपोर्टही यात आहे, तो आधी बघा, मग बोवीने गाणं का सोडलं ते नीट कळतं. फक्त क्वीनसाठी घेणार असाल तर घेऊ नका, त्यांच्या रॉक मॉन्ट्रियल या वेगळ्या डीव्हीडी सेटमध्ये लाइव्ह एडची पूर्ण एकवीस मिनिटं आणि रिहर्सलचं शूटिंगही मिळतं. बरंच काही ऑफिशियल यूट्यूब चॅनेलवर फुकट आहेच, पण तिथं आपण आपलाच लाडका माणूस शोधतो आणि बंद करतो, डिस्कवर एकामागे एक सगळे येतात, तुलना आपोआप होते. पाचपैकी चार स्टार. कापलेला एक मॅकार्टनीच्या माइकचा.