दुर्बिणीने केलेलं हर्नियाचं ऑपरेशन : पेरणीपासून वेचणीपर्यंतचा अनुभव

दोन्ही जांघांतल्या हर्नियाचं, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागेतून आतडं किंवा चरबी बाहेर उतरते त्याचं, ऑपरेशन उन्हाळ्यात दुर्बिणीने, म्हणजे छोट्या भोकांतून कॅमेरा घालून, करून घेतलं. त्यानंतर पेरणी, फवारणी, सोयाबीनची काढणी झाली, आता कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यातले बरेच कास्तकार विचारतात, हे ऑपरेशन करावं का? माझं म्हणणं, करावं. पण बाहेरची भोकं पाहून आतल्या कामाचा अंदाज बांधू नये.

मला त्रास उजवीकडचाच होता. वावरात दिवसभर उभं राहिलं की जांघेत गोळा उतरायचा, धुऱ्यावर आडवं पडून हाताने दाबला की आत जायचा. डॉक्टरांनी उभं करून खोकायला लावलं आणि डावीकडेही सुरुवात झाल्याचं सांगितलं. दुर्बिणीचा खरा फायदा इथे झाला. उघड्या पद्धतीत दोन बाजूंना दोन चिरे लागले असते. इथे बेंबीपाशी एक सेंटीमीटरचं आणि आजूबाजूला त्याच्या निम्म्या आकाराची दोन, अशा तीन भोकांतून दोन्ही बाजू झाल्या.

कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवतात, आतलं अस्तर सोडवतात आणि अस्तर व स्नायू यांच्या मध्ये प्रत्येक बाजूला साधारण १५ बाय १० सेंटीमीटरची पॉलिप्रॉपिलीनची जाळी बसवतात. मग अस्तर पुन्हा शिवून घेतात. या पद्धतीला टॅप म्हणतात. टेप नावाच्या पद्धतीत पोटाच्या पोकळीत न शिरता थरांमधूनच काम करतात. सोयाबीनच्या पोत्याला ठिगळ आतून लावलं तर दाण्यांचा दाबच ते जागेवर धरतो, जाळीचंही तसंच आहे.

त्याच संध्याकाळी मला चालवलं, दुसऱ्या दिवशी सुट्टी. जांघेपेक्षा खांदा जास्त दुखला. तो पोटात राहिलेल्या गॅसमुळे दुखतो आणि आपोआप थांबतो, हे आधी माहीत असलेलं बरं. पायजम्याची नाडी बरोबर बेंबीच्या टाक्यावर यायची, म्हणून लुंगीच बरी पडली. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, रात्री इसबगोल चालू ठेवलं.

सगळ्यात जास्त घाबरवलं ते सुजेने. जिथे गोळा होता तिथेच पुन्हा फुगवटा आला, अंडकोषाकडची चामडी निळीजांभळी झाली. घरचे म्हणाले, ऑपरेशन फेल गेलं. डॉक्टरांनी हाताने तपासलं. खोकल्यावर तो फुगत नव्हता आणि दाबल्यावर आत जात नव्हता. रिकाम्या झालेल्या जागेत पाणी साचलं होतं, त्याला सेरोमा म्हणतात. सुई न टोचता काही आठवड्यांत ते जिरलं. असं झालं तर कोणाच्या सांगण्यावरून चोळू किंवा शेकू नका, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा.

त्यातच पेरणी आली. शेजारी म्हणायचे, "तीनच भोकं त आहेत भाऊ, चाल ना वावरात!" मी गेलो, पण नुसता चालायला. चालण्याफिरण्याला पहिल्यापासून मोकळीक होती, जड वजनाला मात्र डॉक्टरांनी काही काळ थांबवलं होतं. पहिल्या फवारणीला १६ लिटरचा पंप पाठीवर घेतलाच नाही, मजूर लावला. पुढच्या फवारणीला अर्धा भरून घेतला. वाकून उचलताना जांघेत ओढ जाणवली, म्हणून पंप बैलगाडीच्या काठावर ठेवून पट्टे खांद्यावर घ्यायला लागलो. आता भरलेला पंप चालतो. डाव्या मांडीच्या वरच्या बाजूला थोडं बधिरपण आहे, तेवढंच राहिलं.

तक्रार एकच, बिलाची. आधी सांगितलेल्या रकमेत जाळी आणि ती अडकवायचे टॅकर धरलेलेच नव्हते. तेव्हा जाळी, टॅकर, भूल, औषधं सगळं धरून आकडा लिहून मागा. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात माहिती द्यायला आरोग्यमित्र बसतात. त्या योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे त्यांना भरती होण्याआधीच विचारा.

दुर्बिणीसाठी सहसा पूर्ण भूल लागते. आमच्या काकांना हृदयाचा त्रास, म्हणून त्यांचं कमरेत इंजेक्शन देऊन उघड्या पद्धतीने केलं, तिथेही जाळीच बसवली. तेही ठणठणीत आहेत. बायकांनाही जांघेत हर्निया होतो आणि त्या लाजेपोटी लपवतात. त्यांच्यात आतडं अडकायचा धोका जास्त, म्हणून घरच्यांनी स्वतःहून विचारावं. गोळा कडक झाला, आत जाईना, दुखायला लागला, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट न पाहता १०८ बोलवा आणि जिथे ऑपरेशनची सोय आहे तिथेच न्यायला सांगा.