बिलात 'नवीन पॅनल', आत जुनाच गंज

जुन्या पिकअप ट्रकचं केबिन कामाला दिलं होतं. बिलावर दाराखालच्या दोन्ही पट्ट्या नवीन, केबिनचे मागचे कोपरे नवीन, दोन्ही दरवाजे नवीन. रंग चकाचक. वर्षाच्या आत दाराखाली रंगाला फोड आले आणि ते खरवडल्यावर सगळं उघडं पडलं. वर बोटभर पुट्टी, खाली रिव्हेट मारलेला पातळ पत्रा, त्यामागे गंजलेला जुना पत्रा जसाच्या तसा आणि पोकळीत कोंबलेला फोम. फोम पाणी धरून ठेवतो, त्यामुळे आतला जो पत्रा अजून चांगला होता तोही सडला. पुट्टी ३ मिमीच्या वर जाऊ लागली की समजायचं, खालचं ठोकपीटीचं काम झालेलंच नाही.

दरवाज्यांची गोष्ट याच्या बरोबर उलटी. ते खरोखर बदलले होते, पण बदलायची गरजच नव्हती. गंज फक्त खालच्या काठाला होता. तेवढी पट्टी कापून नवा तुकडा जोडला असता तर मूळ दरवाजे वाचले असते. 'दरवाजा गेला' असं सांगून पातळ पत्र्याचे नकली दरवाजे बसवले, आणि मूळ दरवाजे परत दिलेच नाहीत. जुन्या गाडीच्या अस्सल दरवाज्याला गिऱ्हाईक असतं, हे गॅरेजवाल्याला पक्कं ठाऊक असतं. नकली दरवाज्याची फट वर ४ मिमी, खाली ९. बंद करायला आपटावाच लागतो.

मग दुरुस्ती कधी आणि बदल कधी? पोचा कितीही मोठा असो, पत्रा शाबूत असेल तर तो ठोकून, ताणलेला भाग गरम करून आकसवून सरळ होतो. गंजाचं तसं नाही. टोच्याने टोचत जा, पत्रा जिथे कडक लागेल तिथपर्यंत कापायचं आणि तिथे नवा तुकडा जोडायचा. आतला थरही गेला असेल, बिजागरीची किंवा केबिन माउंटिंगची (केबिन चेसिसवर बोल्टने बसतं ती) जागा सडली असेल, तर तो भाग पूर्ण बदलावाच लागतो. तिथे तुकडे जोडून पैसे वाचत नाहीत.

दाराखालची पट्टी कापण्याआधी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचा आधार वेल्ड करून कर्णाची, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची, मापं घ्यावी लागतात. हे टाळलं की केबिन खचतं आणि मग कुठलाच दरवाजा नीट बसत नाही. आमच्या मते गॅरेज ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण हीच. आधाराचं विचारल्यावर जो हसतो, त्याच्याकडे ट्रक ठेवू नका. तुकडा काठाला काठ भिडवून, मिगने (तार आपोआप पुढे सरकणाऱ्या वेल्डिंगने) थोड्या थोड्या अंतरावर टाके देत, मध्ये थंड होऊ देत जोडायचा. सलग वेल्ड ओढला की पत्रा वाकतो आणि ती वाक लपवायला पुन्हा पुट्टी येते. एकावर एक चढवलेल्या जोडात पाणी साचतं.

प्रायमर मारायच्या आधी स्वतः जाऊन उघडा पत्रा बघा, आतून-बाहेरून फोटो काढा. मोठी रक्कम या टप्प्यानंतरच द्या. काढलेला प्रत्येक जुना पत्रा परत मिळेल, हे कामाच्या कागदावर आधीच लिहून घ्या. जुने तुकडे दाखवता येत नसतील तर ते कापलेच नाहीत असं धरा.

रंग झाला असेल तर जाडी मोजायचं मीटर लावा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन (१००० मायक्रॉन म्हणजे १ मिमी) भरतो, पुन्हा रंगवलेला त्याहून जास्त. आकडा १००० च्या पुढे गेला की खाली पुट्टी आहे. मीटर नसेल तर कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक फिरवा, जाड पुट्टीवर ते धरत नाही. मात्र गंजावर पातळ पत्रा चढवलेला असेल आणि वर पुट्टी नसेल तर चुंबक आणि मीटर दोन्ही फसतात. तिथे पट्टीच्या खालच्या बाजूने, पाणी निघायच्या भोकातून बारीक कॅमेरा आत घालून बघा. भोकच बुजवलेलं असेल तर उत्तर तिथेच मिळालं.